त्रिएस्तेच्या कॉफीघरात जाताना: काय मागावे, कुठे बसावे, सीमा कशी ओलांडावी

इटलीच्या ईशान्य टोकाला, एड्रिॲटिक समुद्र आणि स्लोव्हेनियाची सीमा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत त्रिएस्ते हे बंदराचे शहर वसलेले आहे. शहराच्या मुख्य चौकातून निघाल्यावर दहा-बारा किलोमीटरच्या आत दुसरा देश लागतो. १३८२ पासून पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत हे शहर ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजवटीखाली होते, १७१९ साली सम्राट सहाव्या चार्ल्सने त्याला मुक्त बंदराचा दर्जा दिला, आणि मध्य युरोपाकडे जाणारी कॉफी पुढे याच धक्क्यांवर उतरू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ ते १९५४ या काळात शहर कोणत्याच देशाचे नव्हते. ते ब्रिटिश आणि अमेरिकी लष्करी प्रशासनाच्या हाती होते, आणि त्यानंतर ते इटलीकडे आले.

हा इतिहास प्रवाशाला अगदी व्यावहारिक कारणासाठी ठाऊक असायला हवा. या शहरात व्हिएन्नाच्या वळणाची, तासन्‌तास बसण्याची कॉफीघरे आहेत आणि इटलीच्या वळणाचे, उभ्याने दोन घोटांत कॉफी संपवून निघून जाण्याचे बारही आहेत. शिवाय इथल्या लोकांनी कॉफीच्या प्रकारांना स्वतःची नावे दिली आहेत आणि ती उर्वरित इटलीत चालत नाहीत. रोम किंवा मिलान पाहून आलेला माणूस इथे आत्मविश्वासाने कॉफी मागतो आणि त्याच्यासमोर भलताच कप येतो, तो यामुळेच. थोडी तयारी करून गेल्यास मात्र एका सकाळीच हे शहर ओळखीचे वाटू लागते.

निघण्यापूर्वी

भारतीय पासपोर्टधारकांना शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत चालणारा एकच व्हिसा, लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो; प्रत्यक्षात उन्हाळी सुट्टीच्या काळात दोन-अडीच महिने हाताशी ठेवावेत. किमान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा अर्जासोबत जोडावा लागतो. स्लोव्हेनिया २००७ च्या डिसेंबरपासून शेंगेन क्षेत्रात आहे आणि तिथे युरोच चालतो, त्यामुळे सीमेपलीकडे कॉफी पिण्यासाठी वेगळा व्हिसा किंवा वेगळे चलन लागत नाही. पासपोर्ट मात्र हॉटेलवर ठेवून निघू नये. इटलीने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्लोव्हेनियाच्या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली आणि तिची मुदत नंतर वारंवार वाढवली. बस किंवा मोटार थांबवून कागद मागितले जाऊ शकतात, आणि मोबाइलमधले छायाचित्र त्यासाठी पुरत नाही.

व्हेनिसजवळच्या मेस्त्रे स्थानकावरून त्रिएस्तेला रेल्वेने साधारण दोन तास लागतात. शहराचा विमानतळ रोंकी देई लेजोनारी या गावाजवळ, तीसेक किलोमीटरवर आहे आणि त्याला स्वतःचे रेल्वे स्थानक आहे. त्रिएस्ते चेंत्राले या मुख्य स्थानकावर उतरल्यावर या लेखात सांगितलेली सगळी कॉफीघरे पायी गाठता येतात.

ऋतूबद्दल एक सूचना. इथे ‘बोरा’ नावाचा ईशान्येकडून येणारा कोरडा, झोताचा वारा वाहतो, हिवाळ्यात विशेष. त्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातात, आणि पूर्वी पादचाऱ्यांना धरायला रस्त्यांच्या कडेने दोर बांधले जात. अशा दिवशी छत्री निरुपयोगी ठरते आणि चौकातली बाहेरची टेबले उचलली जातात. पण आतल्या उबेत बसण्यासाठी तोच दिवस उत्तम असतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी ‘बार्कोलाना’ ही शिडाच्या होड्यांची मोठी शर्यत असते. त्या आठवड्यात राहायला खोली मिळणे अवघड आणि कॉफीघरात जागा मिळणे त्याहून अवघड, त्यामुळे शर्यतच पाहायची नसेल तर ते दिवस टाळावेत.

कोणते कॉफीघर निवडावे

बहुतेक प्रवासी पहिल्यांदा जातात ते समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या पियात्सा उनिता या भव्य चौकातल्या ‘काफे देल्यी स्पेक्की’ या कॉफीघरात. ते १८३९ सालचे आहे आणि त्याच्या बाहेरच्या टेबलांवरून दिसणारे दृश्य खरोखर देखणे आहे. तरीही पहिली कॉफी तिथे घेऊ नये, असे माझे मत आहे. तिथे शहर पाहुण्यांसाठी मांडलेले दिसते आणि टेबलाचा दरही त्या दृश्याचा असतो. संध्याकाळी दिवे लागल्यावर एकदा जावे, चौक पाहावा, आणि तेवढ्यापुरते जास्त पैसे द्यावेत.

तिथून जवळच ‘काफे तोम्माझेओ’ आहे. १८३० सालचे हे कॉफीघर शहरातल्या चालू कॉफीघरांत सर्वांत जुने मानले जाते. पांढऱ्या नक्षीकामाची छते आणि मोठे आरसे यांमुळे ते शांत, थोडे औपचारिक वाटते. वयस्कर सोबती असतील तर हेच निवडावे. कोर्सो इतालियावरचे १९१९ सालचे ‘तोरिनेझे’ आकाराने अगदी लहान आहे. जहाजाच्या आतील भागासारखी लाकडी सजावट असलेल्या त्या जागेत काउंटरच्या फळीजवळ उभे राहून कॉफी घेणे हेच योग्य.

वेळ एकाच ठिकाणासाठी असेल तर ‘काफे सान मार्को’ निवडावे. विया बात्तिस्ती या रस्त्यावर, १९१२ साली बांधलेल्या भव्य सिनेगॉगच्या शेजारी ते आहे. मुख्य चौकातून पायी पंधरा-वीस मिनिटे लागतात. ते ३ जानेवारी १९१४ रोजी सुरू झाले, म्हणजे ऑस्ट्रियन साम्राज्याच्या अगदी अखेरच्या दिवसांत. त्या वेळी शहराने इटलीत सामील व्हावे असे मानणारे तरुण इथे जमत असत, आणि ऑस्ट्रियन सैन्यात जावे लागू नये म्हणून सीमा ओलांडू पाहणाऱ्यांसाठी इथे खोटे पासपोर्ट तयार केले जात. २३ मे १९१५ रोजी, इटलीने युद्ध पुकारले त्याच दिवशी, ऑस्ट्रियाच्या बाजूच्या सैनिकांनी हे कॉफीघर उद्ध्वस्त केले. ज्या खोलीत आज आपण पासपोर्ट खिशात घालून निश्चिंत बसतो, तिथे एकेकाळी पासपोर्टसाठी माणसे जीव धोक्यात घालत होती, हे ठाऊक असले की त्या जागेकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

आत शिरल्यावर लगेच टेबल धरू नये. आधी वर पाहावे. भिंतींच्या वरच्या भागात रंगवलेले मुखवटे आणि सगळीकडे फिरणारी कॉफीच्या पानांची नक्षी दिसते. ओतीव लोखंडाच्या पायांची संगमरवरी टेबले, गडद लाकूड आणि पिवळसर दिवे अजून आहेत. आतच एक चांगले पुस्तकांचे दुकानही आहे. क्लाउदियो माग्रिस हे त्रिएस्तेचे लेखक वर्षानुवर्षे इथे बसून लिहीत आले आहेत. विद्यार्थी वह्या पसरून बसतात, निवृत्त माणसे वर्तमानपत्र वाचतात, आणि एका कॉफीवर दोन तास बसल्याबद्दल कोणी नाराजी दाखवत नाही. जेवणाच्या वेळी मात्र काही टेबले जेवणाऱ्यांसाठी राखलेली असतात, म्हणून दुपारी बारा ते अडीच ही वेळ सोडून जावे. उघडण्याच्या वेळा आणि साप्ताहिक सुट्टी ऋतूप्रमाणे बदलत असल्यामुळे जाण्याच्या दिवशीच त्या पाहून घ्याव्यात.

यांखेरीज प्रत्येक गल्लीत साधे बार आहेत. इटलीत ‘बार’ म्हणजे प्रामुख्याने कॉफीची जागा. मद्य मिळते, पण सकाळी तिथे शाळेत मुलांना सोडून आलेल्या आया आणि कामावर निघालेले लोक असतात. संकोच न करता आत जावे. नामवंत कॉफीघरांची भव्यता तिथे नसते, पण रोजची चव तिथेच कळते.

उभे राहावे की बसावे

आत पाऊल टाकताच ‘बुओनजोर्नो’ म्हणावे. हा उपचार इथे महत्त्वाचा आहे; अभिवादन न करता थेट मागणी करणे उद्धटपणाचे वाटते. त्यानंतर ठरवायचे ते एवढेच, की ‘आल बांको’ म्हणजे फळीजवळ उभ्याने घ्यायची की ‘आल तावोलो’ म्हणजे टेबलावर. या दोन्हींचे दर वेगळे असतात. उभ्याने घेतलेली साधी कॉफी सध्या साधारण सव्वा ते दीड युरोला मिळते; टेबलावर तीच कॉफी, विशेषतः चौकात, दुप्पट किंवा त्याहून महाग पडते. दरपत्रक लावलेले असते, ते आधी वाचावे. फळीवरचा दर देऊन कप स्वतः उचलून टेबलावर नेणे मात्र टाळावे. ज्या ठिकाणी वाढपी सेवा देतात तिथे तो गैरवाजवी प्रकार समजला जातो.

गर्दीच्या काही बारमध्ये आधी ‘कास्सा’ म्हणजे गल्ल्यावर पैसे भरून ‘स्कोंत्रिनो’ ही पावती घ्यावी लागते आणि ती फळीवर ठेवून कॉफी मागायची असते. इतर ठिकाणी पिऊन झाल्यावर पैसे देतात. शेजारचा माणूस काय करतो हे क्षणभर पाहिले की कळते. टेबलावर बसल्यास वाढप्याची वाट पाहावी आणि शेवटी ‘इल कोंतो, पेर फावोरे’ म्हणून बिल मागावे. बिल न मागता आणून ठेवणे म्हणजे पाहुण्याला उठवणे, असे इथे मानतात, त्यामुळे ते आपोआप येत नाही. बक्षिशीची सक्ती नाही. सुटे नाणे ठेवले तरी पुरते.

मागणी कशी करावी

हा भाग निघण्यापूर्वी पाठ करावा असाच आहे, कारण इथेच सर्वाधिक घोटाळा होतो.

बाकी इटलीत ‘काफे’ म्हटले की एस्प्रेसो येते. त्रिएस्तेत तिला ‘नेरो’ म्हणतात. लहान चिनी मातीच्या कपात येणारी, साधारण सात ग्रॅम पुडीतून पंचवीस-तीस सेकंदांत काढलेली, पंचवीस मिलिलिटरच्या आसपासची काळी कॉफी म्हणजे नेरो. ती काचेच्या छोट्या पेल्यात हवी असेल तर ‘नेरो इन बी’ म्हणावे. ‘बी’ हे पेल्यासाठीच्या ‘बिक्कियेरे’ या शब्दाचे आद्याक्षर आहे. तिच्यावर मधोमध दुधाच्या फेसाचा केवळ एक थेंब हवा असेल तर ‘गोच्चा’.

एस्प्रेसोच्याच लहान कपात वाफेने फेसाळलेले थोडे दूध घातले की ‘कापो’ होते. हाच प्रकार काचेच्या पेल्यात आला की ‘कापो इन बी’, आणि त्रिएस्तेची खरी ओळख हीच आहे. पेला आकाराने आपल्याकडच्या कटिंग चहाच्या ग्लासाएवढा असतो आणि त्यात खाली गडद, मध्ये तपकिरी व वर पांढरा थर स्पष्ट दिसतो. फिल्टर कॉफीवर वाढलेल्या माणसाने सुरुवात इथूनच करावी, असे मी आग्रहाने सांगेन: दूध पुरेसे असते, तरीही कॉफीची धार शाबूत राहते. कॅफिनविरहित कॉफी हवी असेल तर मधे ‘देका’ घालावे, म्हणजे ‘कापो देका इन बी’. फेस जास्त हवा असेल तर शेवटी ‘तांता’ जोडतात. गर्दीच्या वेळी फळीमागची व्यक्ती अशा लांबलचक मागण्या एकामागून एक ऐकून घेते आणि न लिहिता बिनचूक पेले पुढे करते; ते कौशल्य पाहण्यासाठीही सकाळी आठच्या सुमारास एखाद्या साध्या बारमध्ये उभे राहावे.

आता घोटाळ्याची जागा. इथल्या जुन्या वळणाच्या बारमध्ये ‘काप्पुच्चिनो’ मागितली की पुष्कळदा लहान कपातली, कापोसारखीच कॉफी समोर येते. आपल्याला ओळखीचा मोठा, फेसाळ कप हवा असेल तर ‘काफेलात्ते’ मागावे. प्रवाशांची सवय असलेल्या मोठ्या कॉफीघरांत दोन्ही अर्थ समजून घेतात, तरी शंका असेल तर हाताने कपाचा आकार दाखवावा. त्यात कमीपणा नाही. नुसते ‘लात्ते’ मात्र कधीही म्हणू नये, कारण साऱ्या इटलीत त्याचा अर्थ केवळ दूध असा होतो आणि खरोखरच दुधाचा ग्लास समोर येतो.

दुधाची मोठी कॉफी इथले लोक सकाळी घेतात. दुपारच्या जेवणानंतर ती मागितली तर मिळते, कोणी अडवत नाही. जेवणानंतर नेरो, फार तर गोच्चा किंवा कापो घेण्याची रीत आहे.

पिताना

कॉफीबरोबर, विशेषतः जुन्या कॉफीघरांत, पाण्याचा छोटा ग्लास येतो. ते पाणी आधी प्यावे, म्हणजे जीभ स्वच्छ होते. साखर आपणच घालायची असते आणि ती घालण्यात काही चूक नाही. मात्र आधी एक घोट तशीच घेऊन पाहावी. एस्प्रेसोवरचा तांबूस फेस काही मिनिटांतच विरतो आणि थंड होताना कडवटपणा पुढे येतो, म्हणून छायाचित्रासाठी ती ताटकळत ठेवू नये. गप्पा पिऊन झाल्यावर माराव्यात. रिकामा कप समोर ठेवून बसायला पूर्ण मुभा आहे.

कोणाची कॉफी आहे हे दारावरच्या पाटीवरून कळते. हाउसब्रांड्ट ही पेढी १८९२ साली याच शहरात सुरू झाली, आणि १९३३ साली फ्रांचेस्को इल्ली यांनी इथे आपली कंपनी स्थापन केली. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रो-हंगेरियन सैन्यात असलेले इल्ली मूळचे तेमेश्वारचे, म्हणजे आजच्या रोमानियातल्या तिमिशोआराचे. भारताशीही एक धागा आहे. भारतीय कॉफीच्या निर्यातीत इटली हा फार मोठा ग्राहक आहे, आणि कर्नाटक-केरळच्या डोंगरांतली रोबस्टा जातीची कॉफी इटालियन मिश्रणांत दाटपणा आणि फेस यांसाठी वापरली जाते. इल्लीचे मिश्रण मात्र पूर्णपणे अरेबिका या दुसऱ्या जातीचे असते. त्यामुळे दोन वेगळ्या पाट्यांच्या बारमध्ये एकापाठोपाठ एक नेरो घेऊन पाहिली, तर रोबस्टा असण्या-नसण्याचा फरक जिभेला नेमका कळतो.

खाण्याचे पदार्थ आणि शाकाहारी मंडळी

कॉफीबरोबर ‘प्रेस्निट्स’ हा अक्रोड आणि मनुका भरलेला पापुद्र्यांचा गोड पदार्थ किंवा ‘पुतित्सा’ ही सुक्या मेव्याची गुंडाळी जरूर चाखावी. दोन्हींत बहुधा रम असते, आणि केक, क्रीम व ब्रिओश या न्याहारीच्या गोड पावात अंडे असते. अंडे चालत नसेल तर ‘सेन्त्सा उओवा’ म्हणून विचारावे. पुरुषाने ‘सोनो वेजेतारियानो’ आणि स्त्रीने ‘सोनो वेजेतारियाना’ म्हटले की मांस-मासे टळतात, पण अंडे त्यात धरले जात नाही. ते वेगळे सांगावे लागते.

एका पाटीपासून सावध राहावे. ‘बुफे’ लिहिलेले दिसले म्हणून हवे ते वाढून घेण्याची सोय असेल असे समजून शाकाहारी माणसाने आत जाऊ नये. त्रिएस्तेत बुफे म्हणजे मोठ्या कढईत उकडलेले डुकराचे मांस देणारी खाणावळ.

सीमेपलीकडची कॉफी

हातात आणखी एक दिवस असेल तर तो गोरित्सिया आणि नोव्हा गोरित्सा या जोडशहरासाठी ठेवावा. त्रिएस्तेहून गोरित्सियाला रेल्वेने तासाभराच्या आत पोहोचता येते. १९४७ च्या तहाने सीमा अशी आखली गेली की जुने शहर इटलीत राहिले आणि एक रेल्वे स्थानक युगोस्लाव्हियात गेले. मग पलीकडच्या बाजूला नोव्हा गोरित्सा हे नवे शहरच उभारावे लागले. १९०६ सालच्या त्या स्थानकासमोरच्या चौकातून आजही सीमा जाते. तिथले कुंपण २००४ साली काढले गेले आणि आता जमिनीवरच्या एका गोलाकार खुणेवर एक पाय इटलीत व एक स्लोव्हेनियात ठेवून उभे राहता येते. २०२५ साली ही दोन्ही शहरे मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी होती.

क्रम असा ठेवावा: सकाळी गोरित्सियाच्या जुन्या भागात उभ्याने एक कॉफी, मग स्थानिक बसने किंवा चालत चौकापर्यंत, आणि पलीकडे गेल्यावर निवांत बसून दुसरी. स्लोव्हेनियात कॉफीला ‘कावा’ म्हणतात. एस्प्रेसो सगळीकडे मिळते, पण तिथे ‘तुर्श्का कावा’ मागावी: बारीक पूड पाण्यात उकळून केलेली, गाळ कपातच राहणारी कॉफी. ती आल्यावर दोन-तीन मिनिटे थांबावे, गाळ खाली बसू द्यावा आणि शेवटचा घोट सोडून द्यावा. अभिवादनासाठी ‘दोबेर दान’ आणि आभारासाठी ‘ह्वाला’ एवढे शब्द पुरतात.

पलीकडच्या वयस्कर लोकांशी बोलण्याचा योग आला तर त्रिएस्तेचा विषय काढून पाहावा. युगोस्लाव्हियाच्या काळात तिथले लोक जीन्स आणि कॉफी आणायला त्रिएस्तेला जात; ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिकडे कॉफीची टंचाई असताना तर एकेका पाकिटाची किंमत होती. सीमेवर सामान तपासले जाई, आणि कॉफी कशी लपवून आणली याचे किस्से अनेक घरांत सांगितले जातात.

घरी नेण्यासाठी

शेवटच्या दिवशी कॉफी विकत घेताना ‘इन ग्रानी’ म्हणजे अख्ख्या बिया घ्याव्यात. एस्प्रेसोसाठी दळलेली पूड आपल्या फिल्टरमध्ये फार बारीक पडते आणि पाणी खाली उतरतच नाही. घरी दळण्याची सोय नसेल तर ‘पेर मोका’ असे लिहिलेले पाकीट घ्यावे. ते थोडे जाडसर असते आणि गॅसवरच्या मोका भांड्याला नेमके बसते. इथल्या कॉफीत चिकोरी नसते, त्यामुळे घरच्या नेहमीच्या प्रमाणात दूध घातले तर ती फिकी वाटेल. दूध निम्मे करावे. भाजणीची किंवा वापराच्या मुदतीची तारीख पाहावी, कारखान्यातले मूळ सीलबंद वेष्टनच घ्यावे आणि पावती सामानात ठेवावी. पाकीट उघडल्यावर बिया हवाबंद डब्यात, उन्हापासून आणि ओलाव्यापासून दूर ठेवून तीन-चार आठवड्यांत संपवाव्यात. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात त्याहून लवकर.